वांग्याची पातळ भाजी

डॉक्टरनं विचारलं आणि योगिता भंगाळे खोटं बोलली.

विचारणं साधंच होतं. "बरणीत नक्की काय होतं?" एवढंच. भुसावळच्या त्या दवाखान्यात सकाळचे नऊ वाजले होते. पलंगावर योगिताची नणंद निर्मलाअक्का डोळे मिटून पडली होती. पायथ्याशी डॉक्टर सानिया तडवी बरणी हातात घेऊन उभी होती. घासूनपुसून लख्ख केलेली काचेची बरणी, तळाला मूठभर साखर. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून अक्कानं मंगळवारी जेवण झाल्या झाल्या बरणी घासली, कोरडी केली, साखर टाकली आणि झाकण लावून दाराजवळ ठेवली. भाऊ येईल तेव्हा नेईल. भाऊ, म्हणजे योगिताचा नवरा किशोर, गुरुवारी सकाळी गेला, तेव्हा अक्काला एकाचे दोन दिसत होते, पापण्या उचलत नव्हत्या आणि आवाज नाकातून येत होता. आता तो खाली कागद भरायला गेला होता.

"वांग्याची पातळ भाजी होती," योगिता म्हणाली.

डॉक्टरनं झाकण यंत्रासमोर धरलं. पडद्यावर तेच उमटलं. वांग्याची पातळ भाजी, नव्वद मिनिटं, दाब पूर्ण, टिकली हिरवी. लगेच दवाखान्याच्या संगणकानं अन्नातल्या विषाची शंका यादीच्या तळाशी ढकलली आणि मेंदूतली गाठ, नसांचे आजार वर आणले. डॉक्टर पोरगी हुशार होती, तिचं समाधान झालं नव्हतं. तिनं वाकून अक्काला मोठ्यानं सांगितलं, मावशी, ऐकू येतंय ना, माझा हात दाबा. अक्कानं दाबला. ताकद नव्हती, पण दाबला. ताप नाही, शुद्ध पूर्ण, आणि शरीर मात्र वरून खाली विझत चाललेलं.

"नक्की पातळच ना?" डॉक्टरनं पुन्हा विचारलं.

"हो. नोंद आहे की," योगिता म्हणाली. हे दोनदा.

ही टिकलीची काय भानगड आहे ते इथं सांगायला हवं, नाहीतर योगिताचं पाप नीट कळणार नाही.

घरगुती गॅसच्या टाक्या बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. उन्हाळा एकोणपन्नास अंशांवर जाऊन बसला होता, आणि चैत्रापासून मृगापर्यंत रोज अकरा ते पाच घरांची वीज बंद. फ्रीज म्हणजे नुसतं कपाट झालं. हिवाळ्यात भाजी मातीमोल, उन्हाळ्यात दिसायला नाही. तेव्हा अन्नसाठा मंडळ नावाच्या सरकारी प्रकरणानं घरोघर एक इंडक्शन शेगडी, एक जाड बुडाचा मोठा कुकर आणि काचेच्या बरण्या वाटल्या. हिवाळ्यात शिजवा, बरणीत बंद करा, उन्हाळ्यात उघडा आणि खा.

यात एक जीवघेणी गोम आहे. पाणी कितीही उकळा, शंभर अंशांवर जात नाही. मातीत एक जंतू असतो, भाजीच्या सालीवर बसून तो घरात येतो. जंतू मरतो, पण संकटाच्या वेळी तो स्वतःभोवती कवच घालून बसतो, आणि ते कवच शंभर अंशांना भीक घालत नाही. बाकी सगळे जंतू उकळून मेले की त्याला रान मोकळं. त्याला हवा नको असते, आंबट नको असतं, ऊब हवी असते. बंद बरणी म्हणजे त्याच्यासाठी बांधून दिलेलं घर. आत तो असं विष तयार करतो की चमचाभर अन्नातून गेलं तरी माणसाच्या नसांचा आणि स्नायूंचा संबंध तुटतो. पापणी, जीभ, घसा, हात, शेवटी श्वास.

कवच फोडायला एकशे एकवीस अंश लागतात, तेही बरणीच्या पोटात अगदी मधोमध. म्हणून वाफ कोंडून दाब वाढवायचा. आधी दहा मिनिटं कुकरमधली हवा बाहेर सोडायची, मगच शिट्टीच्या जागी वजन ठेवायचं. दाब मध्येच पडला तर मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हे सगळं नवी शेगडी स्वतः करायची, एका सेकंदात वीसदा आच कमीजास्त करून. झाकणात केसाएवढी तार असायची, ती उष्णता टिपायची, आणि हिशेब पुरा भरला की झाकणावरचा पांढरा ठिपका हिरवा व्हायचा. बायकांनी त्याला टिकली नाव दिलं.

पण झाकण म्हणजे बरणीचा वरचा कोपरा. मधोमध किती तापलं हे शेगडीला दिसत नव्हतं, ती ते अंदाजानं काढायची. पातळ रस्सा असला तर आतलं पाणी गरगर फिरतं आणि उष्णता मध्यापर्यंत पोचते. घट्ट असेल तर काहीच फिरत नाही, उष्णता मुंगीच्या पावलांनी सरकते. म्हणून शेगडी सुरू करताना पदार्थाचं नाव विचारायची. सगळं यंत्र करत होतं, फक्त एवढी एकच गोष्ट माणसाला विचारत होतं. आणि माणसानं तिथंच शेण खाल्लं.

योगिता ही त्या गल्लीची टिकलीताई. मंडळाचं बारा दिवसांचं शिक्षण घेतलेली, त्रेचाळीस घरांवर नेमलेली. हे जंतूचं, कवचाचं, मधोमधचं ती बायकांना घडाघडा समजावून सांगायची. न कळून चुकली असती तर तिची दया तरी आली असती. तिला कळत होतं.

डिसेंबरात भरताची वांगी आली होती. खानदेशात हिवाळ्यात भरीत होत नाही ते घर नाही. योगितानं अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, सोलली, हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडी मुसळानं ठेचली, वरून शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि भरपूर तेल. ताट वाढलं ते आधी अक्काला. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं हीच रीत. अक्का दोन गल्ल्या पलीकडं एकटी राहायची, विधवा, पोटी मूल नाही. ती आली की पहिला घास तिचा, मग किशोर, आणि उरलं-सुरलं पुसून शेवटी योगिता.

अक्कानं ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीशी भरीत खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाली, "हे मले मे महिन्यात पायजे."

भरीत बरणीत चालत नाही, योगितानं सांगितलं. घट्ट असतं.

"तुह्या शेगडीत भरीत होत नाही, तं मंग कायची टिकलीताई तू? नुसती टिकलीच लावून फिरते का?"

लागायचं तिथं लागलं. अक्काची जीभ अशीच होती. सत्तावीस वर्षांत तिनं योगिताच्या स्वैपाकाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आज बोटं चाटली होती. योगितानं शेगडी लावली, नाव भरलं, भरीत. पडदा लाल. हा पदार्थ साठवता येणार नाही. तिनं मागं जाऊन यादी खाली सरकवली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

काय केलं म्हणून अक्कानं विचारलं. नाव बदललं, योगिता म्हणाली.

"घ्या. इतकी शानी शेगडी, आन् तिले वांगं कळत नाही."

दोघी हसल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नणंद-भावजय एका गोष्टीवर एकत्र हसल्या, ती ही. बरणीत वर बोटभर जागा सोडायची असते. पण आपल्या माणसाला द्यायची बरणी उणी कशी द्यायची? योगितानं डावानं दाबून दाबून काठोकाठ भरल्या. सहा बरण्या झाल्या. नव्वद मिनिटांनी सहाही टिकल्या हिरव्या. तीन अक्कानं नेल्या, तीन घरात राहिल्या. अक्कानं दोन संपवल्या, काही झालं नाही. योगिताच्या घरात होळीला एक उघडली, काही झालं नाही. मग हे सुचल्याचा तिला अभिमानच वाटायला लागला. नळावर शोभा अत्तरदे डाळ घट्ट असल्यानं लाल आलं म्हणून रडत होती, तिला योगितानं हळूच सांगितलं, नाव पातळ सांग, टिकली होते.

आणि पूर्वीची एक सवय होती, बरणीतलं खायच्या आधी दहा मिनिटं खळखळून उकळायची. विष असलंच तर तेवढ्यात मरतं. टिकली आल्यापासून ती सवय सगळ्यांनी सोडली. हिरवी आहे ना, मग कशाला वीज जाळायची. शिवाय भरीत कोण उकळतं? ते तसंच खातात, गार, कांद्याच्या पातीसोबत. लसणाच्या आणि धुराच्या वासात बाकीचा कुठलाच वास कळत नाही.

दवाखान्यातून योगिता घरी आली ती डोक्यात कारणं जुळवत. अक्काचं वय अठ्ठावन्न, साखर आहे, झटका असू शकतो. मग गल्लीचा विचार. तिनं तोंड उघडलं तर मंडळ त्रेचाळीस घरांच्या सगळ्या बरण्या नासल्या म्हणून काढून नेणार, ऐन मे महिन्यात, भाजीचं पान मिळत नसताना. त्या बायकांनी काय खायचं? ही कारणं ऐकायला बरी होती. पण ती तिनं नंतर शोधली. डॉक्टरनं विचारलं त्या क्षणी तिच्या मनात ना गल्ली होती ना अक्काचं वय. तिला फक्त लाज वाटली होती. टिकलीताईनं शेगडीला फसवलं, हे चार लोकांसमोर म्हणायची लाज. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस दुसऱ्याचा जीव पणाला लावतो, आणि नंतर त्याला मोठमोठी नावं देतो.

दुपारी दीड वाजता किशोर दवाखान्यातून जेवायला आला. लोको शेडमध्ये फिटर असलेला अबोल माणूस, सकाळपासून पोटात काही नव्हतं. अक्काला आता गिळता येत नाही, मान धरवत नाही, डॉक्टर कसल्या कसल्या तपासण्या करतायत पण सापडत नाही, असं त्यानं तुटक तुटक सांगितलं. योगिता भाकरी थापत होती. त्यानं मागच्या फळीवरून बरणी काढली आणि झाकणात सुरीचं टोक घातलं.

"अक्का सोमवारी म्हणत होती, आईच्या हातचं वाटतं म्हणून," तो म्हणाला. "आज तेच खातो."

पिठाच्या हातानं योगितानं झडप घातली आणि बरणी हिसकली. ती फरशीवर फुटली. धुराचा, लसणाचा वास घरभर झाला.

किशोर काचांकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून झाकण उचललं, उलटंपालटं केलं.

"टिकली हिरवी आहे की," तो म्हणाला.

योगिता वाकून काचा गोळा करायला लागली.

"योगिता, हे भरीत आहे. सकाळी तू डॉक्टरला काय सांगितलं?"

हे नीट ध्यानात घ्या. तिनं कबूल केलं नाही. नवऱ्यानं बरणी उचलली म्हणून ते बाहेर आलं. नणंदेसाठी साडेचार तास तोंड उघडलं नाही, आणि नवऱ्यासाठी हात अर्ध्या पळात धावला, हे दोघांनाही कळलं. किशोरनं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. चपला घालायला दाराशी गेला आणि म्हणाला, चल.

डॉक्टर तडवीनं ऐकून घेतलं. भरीत होतं, नाव पातळ भाजीचं सांगितलं, काठोकाठ दाबून भरलं, न उकळता खाल्लं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि नाशिकला फोन लावला.

या विषावर उतारा आहे. घोड्याच्या रक्तातून काढतात, विभागात मोजक्या कुप्या असतात, आणि कारण सिद्ध झाल्याशिवाय मंडळाचा संगणक कुपी सोडत नाही. सकाळी डॉक्टरनं एकदा मागून पाहिली होती. झाकण हिरवं आहे, असं उत्तर आलं होतं. आता रांधणाऱ्या बाईच्या सहीचा कागद गेला, तेव्हा कुपी सुटली. ती उडत्या पेटीतून चार वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या गच्चीवर उतरली. पण दोन वाजून चाळीस मिनिटांनी अक्काचा श्वास थांबला होता आणि घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवलं होतं.

किशोरनं डॉक्टरला विचारलं, सकाळी दिलं असतं तर?

डॉक्टरनं सरळ उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, रक्तात जे विष फिरतंय तेवढं हा उतारा पकडतो. नसांच्या टोकांना जे चिकटलं ते सुटत नाही. ती टोकं नव्यानं फुटायची वाट बघावी लागते. महिने लागतात. मग तिनं योगिताकडं न बघता सांगितलं, विष दर तासाला चिकटत असतं.

सात आठवडे अक्का यंत्रावर होती. आतून पूर्ण जागी. या दुखण्याची ही सगळ्यात क्रूर गोष्ट, बुद्धी शाबूत राहते, कान शाबूत राहतात, फक्त दार लावून घेतलेलं असतं. योगिता रोज सकाळी जाऊन बसायची, अंग पुसायची, हातापायांना तेल चोळायची. डॉक्टरनं एकदा सांगितलं, बोलत जा त्यांच्याशी, पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं ऐकू येतंय. योगिताच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. पहिल्या दिवशी सकाळी, पलंगापासून हातभर अंतरावर उभी राहून, तिनं दोनदा सांगितलं होतं, पातळ भाजी. आणि ते भरीत आहे हे त्या खोलीत आणखी एका माणसाला माहीत होतं. त्याची जीभ उचलत नव्हती एवढंच.

त्या काळात योगिता गल्लीत घरोघर गेली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक दारात एकच विचारलं, नाव काय सांगितलं होतं? काहींनी दार लोटलं, काहींनी तिची आयमाय काढली. शोभा अत्तरदेनं कंबरेवर हात ठेवून सरळ तोंडावर फेकलं, "तूच शिकवलं ना मला नळावर? मी माझ्या बहिणीला शिकवलं, तिनं तिच्या जावेला." त्रेचाळीसपैकी एकोणीस घरं निघाली. घट्ट वरणाला डाळीचं पाणी म्हटलेलं, ठेचलेल्या भोपळ्याला भोपळ्याचे तुकडे. योगितानं त्या बरण्या न उघडता पाण्यात बुडवून अर्धा अर्धा तास उकळल्या आणि गल्लीमागच्या पडीक जागेत खड्डा खणून पुरल्या. पुरताना बायका कडेला उभ्या राहून बघत होत्या. कुणी फावड्याला हात लावला नाही, आणि तेही बरोबरच होतं.

मग मंडळाची माणसं आली, चौकशीला. शेगडी निर्दोष, झाकण निर्दोष, चुकीचं नाव देणारी बाई दोषी, असं त्यांनी येण्याआधीच लिहून आणलं होतं. योगितानं सही केली, टिकलीताईचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. सही करताना साहेबाच्या पडद्यावर तिला एक आलेख दिसला. डिसेंबरात जळगाव आणि बुलढाणा या दोन जिल्ह्यांत वांग्याच्या पातळ भाजीच्या नोंदी चाळीस पटींनी चढल्या होत्या. भरताच्या मुलखात, डिसेंबरात, वांग्याची पातळ भाजी. यंत्र डोळ्यांनी बघत होतं. मंडळात एवढे शिकलेले बसले होते, एकाला प्रश्न पडला नाही, की ही माणसं अचानक इतकी पातळ भाजी का खायला लागली.

तिनं विचारलं. साहेबानं पडदा आपल्याकडं वळवला.

किशोरला हे सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, त्यांचं पाप त्यांच्याजवळ. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्याचं पाप मोठं निघालं म्हणून आपलं तसूभरही कमी होत नाही, हे योगिताला त्या महिन्यांत पुरतं समजलं.

ऑगस्टमध्ये अक्का घरी आली. किशोरच्या घरी, दुसरीकडं जाणार कुठं. डावी पापणी अर्धी खाली, हातात वाटी धरवत नव्हती, आवाज फाटलेला. आठ दिवस ती योगिताशी एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी योगिता तिची वेणी घालत होती, तेव्हा मागं न वळता म्हणाली, "किशोरनं बरणी उचलली नसती, तं सांगतलं असतं का तू?"

योगिताचे हात वेणीत थांबले. हो म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलणार होते, संध्याकाळी जाऊन सांगणारच होते, असं सगळं तयार होतं. तिसरं खोटं.

"माहीत नाही, अक्का," ती म्हणाली.



"हो म्हनली असती तं या घरात पानी नसतं प्यायली मी," अक्का म्हणाली. "घाल वेणी."

डिसेंबर आला. दारावर भरताची वांगी आली, आणि योगितानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अक्कानंच आतून हाक मारली, घे चार किलो. अंगणात काड्या पेटवायला लावल्या. खुर्ची टाकून समोर बसली आणि मुसळ कसं धरायचं इथपासून चुका काढत राहिली, पहिल्यासारख्याच. किशोर शेंगदाणे सोलत बसला होता. कित्येक महिन्यांनी घरात काहीतरी जागच्या जागी आल्यासारखं योगिताला वाटलं. तिनं ताट वाढलं. ताजं भरीत, आचेवरून आत्ता उतरलेलं, वाफा येणारं, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. रीतीप्रमाणं पहिलं ताट अक्कापुढं ठेवलं आणि खाली बसून घास मोडला, कारण अक्काला अजून भरवावं लागायचं.

घास तोंडाशी नेला. अक्कानं तोंड उघडलं नाही.

गरम आहे का, योगितानं विचारलं. फुंकर घातली. पुन्हा पुढं केला.

अक्का उजव्या, उघड्या डोळ्यानं तिच्याकडं बघत होती. त्या डोळ्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आधी तू खा," अक्का म्हणाली.

किशोरनं शेंगदाण्यांवरून नजर उचलली नाही. योगितानं घास आपल्या तोंडात घातला. चावला, गिळला. मग अक्का बघत होती म्हणून, गिळल्याचं दिसावं यासाठी, तोंड उघडून दाखवलं. तेव्हा कुठं अक्कानं आपलं तोंड उघडलं.

त्या दिवसापासून त्या घरात पहिला घास योगिताचा.